विश्लेषण : शंभर मॉड टाकल्यावर ‘लालपरी’ घाटात का अडकते?

मोबाइलवरच्या बसच्या गेममध्ये एसटीची लालपरी चालवता येते, हे कोकणातल्या शाळकरी मुलांना आता सांगावे लागत नाही. ‘मालेओ’ या इंडोनेशियन कंपनीने २०१७मध्ये आणलेल्या ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ या गेममध्ये मुळात एसटी महामंडळाची एकही गाडी नाही. तरी लाल रंगाची साधी गाडी, शिवशाही, शिवनेरी, हिरकणी या सगळ्या त्यात धावतात, कारण त्या चाहत्यांनी घरी बसून बनवल्या आहेत. या जोडकामाला मॉड म्हणतात. एक मॉड टाकला की मजा येते, दहा टाकले की गेम आपलासा वाटतो आणि साठ-सत्तर टाकले की तो सुरूच होत नाही. मालवण किनाऱ्यावर जून-जुलैत पर्यटक नसतात, यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात आणि घरातला फोन मुलांच्या हाती जरा जास्त वेळ राहतो. त्या काळात असे बंद पडलेले गेम आणि ‘काय केलंस फोनाक?’ हा प्रश्न घरोघरी ऐकू आला तर नवल नाही. प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही. त्याच फोनवर घराचा व्यवहारही चालतो.

मॉड म्हणजे नेमके काय?

गेम म्हणजे हजारो फायलींचा गठ्ठा. त्यात गाडीचा आकार, तिच्यावरचा रंग, इंजिनाचा आवाज, रस्ता, रहदारी, चालकाची कमाई मोजण्याचे नियम असे सगळे वेगवेगळे ठेवलेले असते. मॉड यातली एखादी गोष्ट बदलतो किंवा नवी जोडतो. गाडीवर नुसता रंग आणि अक्षरे चढवायची असतील तर त्याला लिव्हरी म्हणतात. लिव्हरी म्हणजे एक चित्र, बाकी काही नाही. पूर्ण नवी गाडी हवी असेल तर तिचा त्रिमितीय साचा लागतो. आणि घाट, एसटी स्टँड, आपल्याकडची रिक्षा-ट्रकची रहदारी हवी असेल तर काम आणखी खोलवर जाते.

‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’मध्ये गाड्या आणि लिव्हरी टाकण्याची सोय कंपनीनेच दिली आहे. फाईल ठरलेल्या फोल्डरात ठेवायची, गॅरेज उघडायचे, गाडी निवडायची. ही वाट सुरक्षित आहे, कारण गेमला इथे नवे काही येणार हे माहीत असते. पण रहदारी, आवाज किंवा अख्खा नकाशा बदलण्यासाठी काही जण गेमची ओबीबी नावाची मोठी मूळ फाईलच बदलून देतात. हे पाहुण्यांसाठी खोली वाढवण्यासारखे नाही, घराची जोती उकरण्यासारखे आहे. दोन्हींना बोलताना ‘मॉड’ असाच एक शब्द वापरला जातो आणि गोंधळाची सुरुवात तिथूनच होते.

संगणकावर हीच हौस ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ या २०१२च्या झेक गेमवर भागवली जाते. त्यात भारतीय बस आणि भारतीय रस्त्यांचे नकाशे चाहत्यांनी तयार केले आहेत. या सगळ्यामागे पगारी माणसे नाहीत. एसटीच्या खिडक्यांच्या पट्ट्या, मागच्या शिडीचा बाक, पुढच्या पाटीवरची गावाची अक्षरे हे सगळे कुणीतरी फोटो बघून, रात्री जागून केलेले असते. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) धावलेल्या पहिल्या एसटीपासून या गाडीभोवती जो जिव्हाळा जमा झाला आहे, त्याचे हे आजचे रूप आहे. मुंबईत खोलीवर राहणारा चाकरमानी रात्री फोनवर गावाची गाडी चालवतो, त्याला खुळेपणा म्हणणाऱ्यांनी गणपतीच्या जादा गाड्यांचे आरक्षण उघडते तो दिवस आठवावा.

मॉड वाढले की गेम का बिघडतो?

सर्वसाधारण समज असा की मॉड जास्त झाले, म्हणजे वजन जास्त झाले आणि म्हणून गेम बुडाला. होडीत माणसे जास्त भरली की होते तसे. हा समज अर्धाच खरा आहे. वजनाचा भाग पुढे येईल. त्याआधी जोड्यांचे गणित.

दोन मॉडचे एकमेकांशी पटते की नाही, हा प्रश्न प्रत्येक जोडीसाठी वेगळा असतो. १० मॉड असतील तर अशा ४५ जोड्या होतात. २० असतील तर १९०. ६० मॉड टाकले तर १,७७०. म्हणजे मॉड सहापट झाले, पण भांडणाच्या शक्यता जवळपास चाळीसपट झाल्या. प्रत्येक मॉड बनवणाऱ्याने आपला मॉड मूळ गेमवर तपासलेला असतो. उरलेल्या ५९ मॉडसोबत त्याने तो कधीही तपासलेला नसतो, आणि तपासणे शक्यही नसते. त्यामुळे ‘सगळे मॉड चांगले आहेत, तरी गेम का बंद पडतो?’ या तक्रारीला तसा अर्थ नाही. बिघाड मॉडमध्ये असेलच असे नाही, तो दोघांच्या मध्ये कुठेतरी असतो.

भांडण होते ते बहुतेक वेळा एकाच जागेवरून. एका मॉडने हॉर्नचा आवाज बदलला, दुसऱ्याने संपूर्ण आवाजांची फाईल बदलली. मग कोणाचे ऐकायचे? बहुतेक गेम यावर साधा नियम लावतात : जो क्रमाने नंतर वाचला जाईल, त्याचे खरे. या क्रमाला लोड ऑर्डर म्हणतात. ‘युरो ट्रक’मध्ये मॉडची यादी वरखाली सरकवता येते आणि यादीत वर असलेला मॉड खालच्यावर मात करतो.

दशावतार पाहिलेल्यांना हे लगेच कळेल. दशावतारात संवादांची लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरते, कोण कोणानंतर येणार हे ठरते आणि बोलणे तिथल्या तिथे होते. क्रम पक्का असेल तर रात्रभर प्रयोग रंगतो. पण संकासुर यायच्या जागी दुसरेच पात्र येऊन उभे राहिले, तर दोघेही कसलेले असूनही प्रसंगाचा विचका होतो. मॉडच्या यादीतही कलाकार वाईट नसतात, प्रवेश चुकलेला असतो.

आणखी एक नेहमीचे कारण म्हणजे आधाराचा मॉड नसणे. पुष्कळ मॉड दुसऱ्या मॉडवर उभे असतात. लिव्हरी एका विशिष्ट गाडीसाठी असते, नकाशाचा पुढचा भाग आधीच्या भागावर अवलंबून असतो. घाईत फक्त वरचा मजला उतरवून घेतला आणि खालचा राहिला, तर गाडी पांढरीफटक दिसते, जांभळी-काळी दिसते किंवा गेम सुरुवातीलाच मान टाकतो. डाउनलोडच्या पानावर हे लिहिलेले असते. वाचले जात नाही, एवढेच.

फोनमध्ये जागा आहे, मग मेमरी कशी भरते?

इथे एक मोठा गैरसमज आहे आणि तो मोबाइल दुकानांतून पसरतो. ‘१२८ जीबीचा फोन आहे, कितीही टाक’, असे सांगितले जाते. १२८ जीबी ही साठवणीची जागा. म्हणजे घरातली माळवदाची खोली. गेम चालताना लागते ती रॅम, म्हणजे ओटीवरची बसायची जागा, आणि ती परवडणाऱ्या फोनमध्ये अनेकदा ४ जीबीच असते. त्यातला मोठा भाग अँड्रॉइड आणि मागे चालू असलेली ॲप आधीच धरून बसलेली असतात.

शिवाय फाईलचा आकार आणि तिने रॅममध्ये घेतलेली जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिव्हरीची पीएनजी फाईल फोनमध्ये २-३ एमबीची दिसते, कारण ती दाबून ठेवलेली असते. ती उघडल्यावर प्रत्येक ठिपक्याला चार बाइट लागतात. चित्र २,०४८ बाय २,०४८ ठिपक्यांचे असेल तर हिशेब होतो १६ एमबी. तेच चित्र ‘फोर-के’ म्हणून ४,०९६ बाय ४,०९६चे केले, तर ६४ एमबी. लांबी-रुंदी दुप्पट केली की जागा चौपट लागते. एका गाडीला असे पाच-सहा पृष्ठभाग असतात : बाहेरचा रंग, आतली आसने, काचा, चालकासमोरचा भाग. सगळे फोर-के असतील आणि गेमने ते दाबून ठेवले नाहीत, तर एकच गाडी ३८४ एमबी खाते. सहा इंचांच्या पडद्यावर २,०४८ आणि ४,०९६ यातला फरक डोळ्याला दिसतसुद्धा नाही. ‘फोर-के लालपरी’ ही जाहिरात यूट्यूबच्या चित्रासाठी असते, फोनसाठी नव्हे.

गाड्यांची संख्याही नुसती मोजून उपयोग नाही. गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या, न वापरलेल्या ३० बस गेमला तुलनेने कमी त्रास देतात. पण रहदारी बदलणारा एकच मॉड रस्त्यावर २० वेगवेगळ्या गाड्या सतत सोडत असेल, तर तो एकटा त्या तिसांना भारी पडतो.

रॅम संपली की अँड्रॉइड कोणताही निरोप न देता सर्वांत जड ॲप बंद करून मोकळे होऊ शकते. म्हणून घाटाच्या वळणावर गाडी असताना अचानक फोनचा मुख्य पडदा दिसतो. चूक दाखवणारी ओळ नाही, सूचना नाही. मुलांना वाटते गेम खराब आहे. गेमला बोलायची संधीही मिळालेली नसते.

मर्यादा नेहमी मेमरीचीच असते असेही नाही. मॉडच्या जगात सर्वाधिक चर्चा झालेला गेम म्हणजे २०११चा ‘स्कायरिम’. त्यात प्रत्येक प्लगइनला एका बाइटचा क्रमांक मिळे. एका बाइटमध्ये २५६ आकडे मावतात, त्यातला एक गेमने स्वतःच्या कामासाठी राखला होता, म्हणून मूळ फाईल धरून २५५ पलीकडे जाता येत नसे. संगणक कितीही महागडा घेतला तरी. पुढच्या आवृत्तीत यातलाच एक क्रमांक बाजूला काढून त्याच्या पोटात ४,०९६ हलक्या प्लगइनची सोय केली गेली. सोय झाली आणि लोकांनी दोन-दोन हजार मॉड टाकले. त्यानंतरच्या तक्रारी कशाबद्दल होत्या, हे वरच्या जोड्यांच्या हिशेबावरून ताडता येईल.

नवे अपडेट आले की जुने मॉड का बिघडतात?

मॉड गेमच्या एका विशिष्ट आवृत्तीवर बसवलेला असतो. कंपनीने आतली रचना थोडी हलवली की बसवलेला तुकडा सैल होतो. याचे सर्वांत बोलके अलीकडचे उदाहरण ‘फॉलआउट लंडन’चे. ‘फॉलआउट ४’ या गेमवर आधारलेला हा एखाद्या पूर्ण गेमएवढा मॉड हौशी मंडळींनी काही वर्षे खपून तयार केला आणि २३ एप्रिल २०२४ ही तारीख जाहीर केली. मूळ गेमच्या कंपनीने २५ एप्रिलला मोठे अपडेट आणायचे ठरवले. ते आले की मॉडचा पाया हलणार, हे उघड होते. प्रकाशन लांबले आणि मॉड अखेर २५ जुलैला आला. ज्यांच्याकडे एवढी मोठी, अनुभवी फौज होती त्यांची ही गत. मग एकट्या मुलाने केलेली बस दर अपडेटला टिकेल, अशी अपेक्षा कशी करायची?

इथे संगणकवाले आणि मोबाइलवाले यांच्यात मोठी दरी आहे आणि तिच्याबद्दल पुरेसे बोलले जात नाही. संगणकावर ‘युरो ट्रक’ची जुनी आवृत्ती स्टीमवरून परत निवडता येते. मॉड तयार होईपर्यंत खेळाडू थांबू शकतो. प्ले स्टोअरवर मात्र ताजी आवृत्ती तेवढी मिळते. रात्री वायफाय मिळाले, फोनने गुपचूप अपडेट केले आणि सकाळी गॅरेज रिकामे. त्यावर एकच साधा इलाज आहे : प्ले स्टोअरमध्ये त्या एका गेमपुरते आपोआप अपडेट बंद करणे. ज्या कंपन्या मॉडच्या जिवावर भारतासारख्या देशात खेळाडू मिळवतात, त्यांनी निदान एक मागची आवृत्ती उपलब्ध ठेवायला हरकत नव्हती. इंडोनेशियातल्या रस्त्यांचा गेम कोकणात खेळला जातो तो इथल्या मुलांनी त्यात एसटी आणली म्हणून.

दोषी मॉड शोधायचा कसा?

बहुतेक जण सगळे काढून टाकतात आणि पुन्हा पहिल्यापासून सगळे टाकतात. यात डेटाही जातो आणि दोषही परत येतो. यापेक्षा निम्मे करण्याची पद्धत कितीतरी वेगवान आहे. ६४ मॉड असतील तर ३२ बाजूला काढायचे आणि गेम चालवून पाहायचा. चालला तर दोष काढलेल्या ३२मध्ये, नाही चालला तर उरलेल्यांत. मग १६, ८, ४, २. सहा वेळा गेम उघडला की दोषी हाती लागतो. मात्र विभागणी करताना आधाराचा मॉड आणि त्यावर उभा असलेला मॉड एकाच बाजूला ठेवावे लागतात, नाहीतर नवीच चूक तयार होते. आणि दोन्ही निम्मे भाग स्वतंत्रपणे नीट चालले, तर समजावे की भांडण जोडीचे आहे आणि ती जोडी विभागली गेली आहे.

संगणकावर याहून सोपे असते. ‘युरो ट्रक’ आपल्या कागदपत्रांच्या फोल्डरात ‘गेम डॉट लॉग’ नावाची मजकूर फाईल ठेवतो. काय वाचले, काय सापडले नाही, हे तिच्यात ओळीने लिहिलेले असते. शेवटच्या वीस-पंचवीस ओळी वाचल्या तर बऱ्याचदा मॉडचे नावच मिळते. कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकताना जे दोन सत्रांत जमत नाही, ते अशा फायली वाचणाऱ्या बारावीतल्या मुलाला सवयीने येऊ लागते. ‘गेम डिलीट कर’ म्हणणाऱ्या पालकांनी त्याआधी एकदा मुलाला ‘काय लिहिलंय त्यात?’ एवढे विचारून पाहावे.

पण प्रत्येक बंद पडणे मॉडमुळे असते, असे मानू नये. कोकणातल्या मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली फोन चार्जिंगला लावून गेम खेळला, तर तो तापतो, प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि गाडी अडखळू लागते. ओळखायची खूण अशी : गेम दर वेळी त्याच ठिकाणी, त्याच गाडीला, त्याच स्टँडवर बंद पडत असेल तर संशय मॉडवर. अर्धा-पाऊण तास खेळल्यावर कुठेही, कधीही बंद पडत असेल तर आधी उष्णता आणि रॅम पाहावी. खाऱ्या हवेत गंजलेले पंखे असलेल्या जुन्या लॅपटॉपवर तर पहिली शंका पंख्याचीच घ्यावी.

वीज गेली तर काय जाते?

सेव्ह फाईल जाते. म्हणजे कित्येक महिन्यांची कमाई, घेतलेल्या गाड्या, उघडलेले रस्ते. गेम सेव्ह लिहीत असतानाच वीज गेली, तर ती फाईल अर्धवट राहू शकते. मे २०२१मध्ये तौक्ते चक्रीवादळाने या किनाऱ्यावर विजेचे खांब आडवे केले, तेव्हा अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. वादळ दूर राहू दे, पावसाळ्यात माडाची झावळी तारेवर पडली तरी वाडीची वीज जाते. बॅटरी मेलेला लॅपटॉप थेट प्लगवर चालवणाऱ्यांचे नुकसान इथे सर्वाधिक.

मॉडचा सेव्हशी आणखी एक नाजूक संबंध आहे. ‘स्कायरिम’सारख्या गेममध्ये मॉडने चालू केलेली कामे सेव्हमध्येच नोंदली जातात. खेळ मध्यावर असताना मॉड काढला की सेव्ह त्या नसलेल्या मॉडला शोधत राहते. म्हणून मॉड टाकण्यापेक्षा काढणे जास्त धोक्याचे. ‘युरो ट्रक’ मॉड कमी झाल्याचा इशारा देऊन मग पुढे जातो, पण ज्या नकाशावर गाडी उभी होती तो नकाशाच काढला, तर ती तिथे राहणार कशी?

यावर उपाय कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच केला जात नाही : नवा मॉड टाकण्याआधी सेव्हची एक प्रत पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या फोल्डरात, तारीख घालून. काही एमबींचा मामला असतो.

‘मॉड’ आणि ‘मॉड एपीके’ एकच का?

नाही, आणि या विषयात सर्वांत महत्त्वाचे काही असेल तर हेच. मॉड म्हणजे मूळ गेममध्ये घातलेली जोड. ‘मॉड एपीके’ म्हणजे कुणीतरी फोडून, बदलून, पुन्हा बांधलेले अख्खे ॲप. ‘अनलिमिटेड पैसे’, ‘सर्व गाड्या मोफत’ अशी त्याची जाहिरात असते. शोधताना ‘मॉड’ हा एकच शब्द टाकला की दोन्ही शेजारी शेजारी येतात. लालपरी शोधायला गेलेला तेरा वर्षांचा मुलगा दुसऱ्या दारात शिरतो.

अँड्रॉइडवर प्रत्येक ॲपला बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. बदललेल्या ॲपची सही वेगळी असते, त्यामुळे ते मूळ ॲपवर अपडेट म्हणून बसत नाही. मूळ गेम आधी काढावा लागतो. तो काढला की त्याच्यासोबत फोनवरचा डेटाही पुसला जातो. म्हणजे स्थिरतेचा विचार केला तरी हा व्यवहार पहिल्याच पायरीवर तोट्याचा. त्यानंतर अनोळखी ठिकाणाहून ॲप बसवण्याची परवानगी द्यावी लागते, कधी प्ले प्रोटेक्टची तपासणी बंद करायला सांगितले जाते आणि मग हे ॲप एसएमएस वाचण्याची किंवा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागते. बस चालवायला एसएमएस कशाला लागतात, हा प्रश्न त्या वयात सुचत नाही.

आता तो फोन कोणाचा आहे, ते पाहू. तारकर्ली-देवबागात खोल्या भाड्याने देणारे घर, मालवण बंदरावर मासळी घेणारी बाई, स्कुबासाठी होडी चालवणारा तरुण, या सगळ्यांच्या गल्ल्यावर आज क्यूआर कोड आहे. पाहुण्यांचे आगाऊ पैसे, बर्फाचे, डिझेलचे पैसे त्याच एका फोनवरून फिरतात. बँकेचा ओटीपी तिथेच येतो. घरात गेमसाठी वेगळा फोन असतोच असे नाही. जूनमध्ये धंदा बंद असताना तोच फोन दिवसभर मुलाकडे असतो आणि ऑक्टोबरपासून पुन्हा धंद्याला लागतो. मधल्या काळात त्यात काय बसवले गेले, हे कुणी तपासत नाही. मोडलेला गेम पुन्हा टाकता येतो. हंगामाची कमाई तशी परत येत नाही.

खऱ्या मॉडमध्येही घाण शिरू शकते, हे लपवण्यात अर्थ नाही. जून २०२३मध्ये ‘माइनक्राफ्ट’चे मॉड जिथून विश्वासाने उतरवले जातात, त्या ‘कर्सफोर्ज’वरच ‘फ्रॅक्चरायझर’ नावाचा घातक प्रोग्रॅम काही मॉडमधून पसरला होता. तो ब्राउझरमध्ये साठवलेली ओळख चोरत असे. पण फरक असा की मोठ्या ठिकाणी हे उघडकीस येते, लोक एकत्र येऊन शोध घेतात आणि दूषित फायली काढल्या जातात. आपल्याकडे बसचे मॉड फिरतात ते बहुधा यूट्यूबच्या वर्णनातल्या लिंकवरून, तीन जाहिरातींची पाने ओलांडून, पासवर्ड लावलेल्या झिप फाईलमधून. पासवर्ड व्हिडिओच्या मध्यावर दाखवलेला, म्हणजे व्हिडिओ पाहिला जावा. या पासवर्डमुळे विषाणू तपासणाऱ्या प्रोग्रॅमला झिपच्या आत डोकावता येत नाही, ही बाजू कुणी सांगत नाही. अनेकदा फाईल देणारा आणि ती बनवणारा वेगळाच असतो. जुनी फाईल, नवे नाव, बनवणाऱ्याचा उल्लेख नाही. नवी आवृत्ती आली तरी ती या वाटेने पोहोचत नाही आणि ‘मॉड खराब आहे’ ही बदनामी मात्र मूळ मुलाच्या वाट्याला येते.

पैसे गेल्याचे लक्षात आले तर वेळ घालवू नये. १९३० हा राष्ट्रीय सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक आहे. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम पुढे सरकण्याआधी अडवली जाण्याची शक्यता जास्त असते. मुलाला ओरडण्याचे काम त्यानंतरही करता येते. उलट ओरड्याच्या भीतीने मुलगा दोन दिवस गप्प बसला, तर तेच जास्त महाग पडते.

मग किती मॉड टाकावेत?

याला आकड्यात उत्तर नाही आणि ‘शंभर मॉडचा पॅक’ वाटणाऱ्या व्हिडिओंनी नेमके आकड्याचेच वेड लावले आहे. अशा पॅकमध्ये कोणत्या फायली एकाच जागेवर हात घालतात, हे तो बनवणाऱ्यालाही बऱ्याचदा ठाऊक नसते. मॉड टाकताना विचारायचा प्रश्न ‘किती?’ हा नसून ‘हा नेमके काय बदलतो?’ हा आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नसेल, तर तो मॉड टाकू नये. गाडीचे मॉड पाच असले तरी चालतील, रहदारीचा एकच असावा, नकाशाचाही एकच, आणि ओबीबी बदलणारा शक्यतो नकोच. एका वेळी एकच टाकायचा, दहा मिनिटे गाडी चालवून पाहायची, मग दुसरा. चार दिवसांत वीस मॉड बसतात आणि एकविसावा बिघडला तर तो कोणता, हे शोधावे लागत नाही.

वहीत यादी ठेवली तर आणखी बरे : मॉडचे नाव, कुणी बनवला, कोणत्या तारखेला टाकला, गेमची आवृत्ती कोणती होती. रापणीला किती माणसे होती आणि कोणाचा वाटा किती, हे ज्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चोख लक्षात ठेवले जाते, तिथे एवढा हिशेब जड जाऊ नये.

परळहून रात्री सुटून मालवणला सकाळी पोहोचणारी गाडी गेममध्ये हवी असेल तर लागते काय? एक बस, तिच्यावरची पाटी असलेली लिव्हरी, हवा तर एक हॉर्न. तीन फायली, त्याही २,०४८च्या, आणि त्या ४ जीबी रॅमच्या फोनवर आरामात चालतात.